प्रकाशाचे शस्त्र आणि नवी त्वचा

मुरुमे जातात आणि वण राहतात. तारुण्याच्या उंबरठ्यावर चेहऱ्यावर उठणाऱ्या पुटकुळ्या बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांनी आपोआप शमतात. परंतु त्यांपैकी काही इतक्या खोलवर पिकलेल्या असतात की, त्या विझल्यानंतरही गालांवर आणि कानशिलांवर बारीक खळगे मागे ठेवून जातात. एके काळी असे खळगे देवीच्या रोगाने पडत. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९७७ साली देश त्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे देवीच्या वणांचे चेहरे आता वडीलधाऱ्या पिढीतच काय ते दिसतात. मुरुमांच्या वणांपासून मात्र तरुण पिढीची अशी सुटका झालेली नाही.

वण हा काही रोग नव्हे. त्याने ताप येत नाही, की कोणाच्या कामात खंड पडत नाही. तथापि, छायाचित्र काढावयाच्या वेळी मान किंचित वळविणारा तरुण आणि पाहुणे यायचे म्हणून दिव्याच्या उजेडापासून दूर बसणारी मुलगी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे दुःख केवळ कातडीपुरते आहे असे वाटणार नाही. अशा माणसाच्या कानी एक दिवस वार्ता येते की, लेसर नावाच्या यंत्राने चेहऱ्यावरील वण पुसून टाकतात. जाहिरातीत शेजारी शेजारी दोन छायाचित्रे असतात. एक उपचारापूर्वीचे आणि एक उपचारानंतरचे. या दोन छायाचित्रांच्या मध्ये जे दिवस आणि जे महिने गेलेले असतात, त्यांचे छायाचित्र मात्र तेथे सहसा नसते. तेच दिवस आणि तेच महिने हा या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाटीवरचे अक्षर पुसावे तसा वण पुसता येत नाही. वण म्हणजे त्वचेच्या आतील थरात शरीराने घाईघाईने घातलेले ठिगळ होय. लेसर ते ठिगळ उसवते. जुनी जखम जेथे वेडीवाकडी भरली, तेथे मोजूनमापून नवी जखम करावयाची आणि ती या खेपेस नीट भरू द्यावयाची, हे या उपचाराचे मर्म आहे. सुश्रुतसंहितेत व्रणावरील उपचारांचे सात क्रम सांगितले आहेत. सूज जिरविण्यापासून त्यांचा आरंभ होतो. पुढे पाटन म्हणजे छेद घेणे, शोधन म्हणजे जखम स्वच्छ करणे, रोपण म्हणजे ती भरून आणणे असे टप्पे येतात, आणि सर्वांत शेवटी येतो वैकृतापह. म्हणजे जखम भरल्यावर मागे राहिलेली विकृती दूर करणे. लेसरचा उपचार हा या सातव्या क्रमाचा आधुनिक अवतार म्हणता येईल. मात्र हे वैकृत घालविण्यासाठी पुन्हा पाटन करावे लागते आणि पुन्हा रोपणाची वाट पाहावी लागते. यंत्राचे काम तासाभराचे, रोपणाचे काम महिनोगणती. पुष्कळांची निराशा होते ती हा हिशेब आधी न मांडल्यामुळे.

आता हे शस्त्र आहे तरी कसे, ते पाहू. लेसर हा शब्द इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलेला आहे. त्यामागील तत्त्व आइन्स्टाइनने १९१७ साली मांडले आणि त्यावर आधारलेला पहिला प्रकाशझोत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने १९६० साली अमेरिकेत माणकाच्या कांडीतून प्रत्यक्ष काढून दाखविला. त्वचेच्या नूतनीकरणासाठी जो लेसर सर्वाधिक प्रसिद्धीस आला, तो मात्र कर्बद्विप्राणिद म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा. त्याच्या जनकाचे नाव महाराष्ट्राला परके नाही. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी हा लेसर सिद्ध केला. पोलाद कापणाऱ्या कारखान्यांपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत तो आज सर्वत्र वापरला जातो. बारामतीत जन्मलेल्या एका मुलाच्या बुद्धीतून निघालेला हा किरण आज बारामतीच्याच एखाद्या मुलीच्या गालावरील खळगे उथळ करीत असेल, ही कल्पना मोठी मनोरम आहे.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची विशेष ओढ पाण्याकडे असते. त्वचेच्या पेशी पाण्याने भरलेल्या असल्यामुळे किरण पडताच ते पाणी तापलेल्या तव्यावरील थेंबाप्रमाणे वाफ होऊन जाते आणि त्याबरोबर पेशींचा तेवढा थरही उडून जातो. अडचण होती ती उष्णतेची. प्रारंभीच्या यंत्रांतून किरण अखंड वाहत असे. त्यामुळे हव्या त्या थराबरोबर आजूबाजूची निरोगी त्वचाही भाजून निघे आणि एक वण घालविताना दुसरा पडे. निरांजनाच्या ज्योतीतून बोट झर्रकन फिरविले तर भाजत नाही, तेच बोट क्षणभर रेंगाळले तर फोड येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. याच अनुभवाला शास्त्राचे रूप देऊन अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन वैद्यांनी १९८३ साली दाखवून दिले की, प्रकाशाचा रंग आणि स्पंद किती काळ टिकावा हे नीट निवडले, तर उष्णता हव्या त्या ठिकाणापुरतीच राहते. या विचाराला अनुसरून १९९०च्या सुमारास असे कार्बन डाय-ऑक्साइड लेसर तयार झाले की, ज्यांचा प्रत्येक स्पंद सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतो आणि त्वचेचा मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा पातळ पापुद्रा काढून घेतो. एर्बियम नावाच्या मूलद्रव्यावर चालणारा दुसरा एक लेसर पुढे आला. त्याची पाण्याकडील ओढ दहापटींहूनही अधिक असल्यामुळे तो कमी उष्णतेत कातडी तासतो. जखम लवकर भरते, परंतु त्वचा ताणून घट्ट होण्याचा लाभही त्या मानाने कमी मिळतो.

येथे कोणाच्याही मनात प्रश्न येईल की, चेहऱ्याची वरची कातडी अशी काढून टाकल्यावर नवी कातडी येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर जितके साधे तितकेच विस्मयकारक आहे. चेहऱ्याच्या त्वचेत केसांची मुळे आणि त्यांना चिकटलेल्या तैलग्रंथी दाटीवाटीने वसलेल्या असतात. त्या वरच्या थरातून खाली आतल्या थरात विहिरीप्रमाणे उतरतात आणि त्यांच्या भिंती वरच्या त्वचेच्याच पेशींनी बांधलेल्या असतात. वरचा थर गेला तरी विहिरींच्या या भिंती शाबूत राहतात. जखम झाल्याची सूचना मिळताच या भिंतींवरील पेशी वाढू लागतात, काठावर येतात, चहूकडे पसरतात आणि शेजारच्या विहिरीतून आलेल्या पेशींना जाऊन मिळतात. अशा रीतीने आठदहा दिवसांत उघडी जागा झाकली जाते. मुरुमे उठतात ती याच तैलग्रंथींच्या तोंडाशी. म्हणजे ज्या ग्रंथींनी तारुण्यात छळले, त्याच आता नवी त्वचा घेऊन मदतीस धावतात.

ही एक गोष्ट ध्यानी घेतली की, वैद्यांचे अनेक निर्बंध आपोआप उलगडतात. मानेवर अशा विहिरी फार विरळ असतात; म्हणून चेहऱ्याइतका खोल लेसर मानेवर चालविल्यास जखम भरत नाही आणि तेथे ओंगळ वण उठतो. मुरुमांवर देण्यात येणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या गोळ्या तैलग्रंथींना आक्रसवितात. म्हणून त्या घेत असलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्याचा संपूर्ण थर काढावयाचा झाल्यास त्या बंद करून सहा महिने थांबण्याची प्रथा पडली. हलक्या उपचारांच्या बाबतीत एवढी प्रतीक्षा आवश्यक नसल्याचे मत अलीकडे दृढ झाले आहे. काहीही असले, तरी अशा गोळ्या चालू आहेत किंवा होत्या, हे चिकित्सकाला सांगणे रुग्णाचे कर्तव्यच ठरते.

२००४ साली या क्षेत्रात आणखी एक युक्ती निघाली. चेहऱ्याची सबंध कातडी एकदम काढण्याऐवजी रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे तिच्यावर सूक्ष्म छिद्रे पाडावयाची आणि दोन ठिपक्यांमधील त्वचा अबाधित ठेवावयाची, अशी ती युक्ती. एखाद्या आळीतील सर्व घरे एकदम पाडली तर रहिवाशांनी आसरा घ्यावा कोठे? परंतु काही घरे मोडून बाकीची उभी ठेवली, तर शेजारीच मदतीला येतात. त्याप्रमाणे येथे प्रत्येक छिद्राच्या सभोवारची निरोगी त्वचा ते छिद्र वेगाने भरून काढते. बरे होण्याचा काळ दोन आठवड्यांवरून पाचसात दिवसांवर आला आणि धोकेही पुष्कळ कमी झाले. त्याची किंमत अशी की, एका बैठकीत सारे काम भागत नाही. महिना-दोन महिन्यांच्या अंतराने तीन किंवा अधिक बैठका घ्याव्या लागतात. भारतीय त्वचेवर आज बहुधा हीच पद्धत पसंत केली जाते.

भारतीय त्वचा असे वेगळे म्हणण्याचे कारण आहे. त्वचेच्या रंगानुसार आणि उन्हाने होणाऱ्या परिणामानुसार सहा प्रकार पाडण्याची रीत फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने सुरू केली. तीत आपल्याकडील बहुतेक माणसे मधल्या व वरच्या, म्हणजे सावळ्या प्रकारांत मोडतात. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य हे उन्हाविरुद्धचे मोठे कवच आहे आणि त्याबद्दल कृतज्ञच असावयास हवे. परंतु ही त्वचा जखमेने चटकन चिडते आणि चिडली की अधिक रंग तयार करते. डास चावून खाजविलेल्या जागी महिनोन्महिने काळा डाग राहतो, तो यामुळेच. जे डासाच्या चाव्याने होते, ते लेसरच्या जखमेने होणार नाही असे कसे म्हणता येईल? पाश्चात्त्य देशांतील गोऱ्या चेहऱ्यांवरील अनुभव जसाच्या तसा आपल्याकडे लागू पडत नाही, तो या कारणाने.

आता एक प्रसंग कल्पावा. मार्गशीर्ष महिना आहे. एक आई आपल्या मुलीला घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे येते. मुलीच्या दोन्ही गालांवर मुरुमांचे खळगे आहेत आणि तिचे लग्न पाच आठवड्यांवर आले आहे. आई विचारते, "डॉक्टरसाहेब, हळदीच्या दिवसापर्यंत चेहरा स्वच्छ होईल ना?" तज्ज्ञ जाणता आणि प्रामाणिक असेल, तर त्याचे उत्तर एकच असेल, "बाई, लग्न होऊन जाऊ द्या. पुढच्या थंडीत मुलीला घेऊन या." आईला हे उत्तर रुचणार नाही. कदाचित ती दुसऱ्या दाराशी जाईल, आणि तेथे होकारही मिळेल. परंतु पाचव्या आठवड्यात त्या मुलीचा चेहरा नेमका कोणत्या अवस्थेत असेल, हे पुढील वर्णनावरून श्रोत्यांच्या ध्यानी येईल.

समजा, त्या कुटुंबाने सल्ला मानला आणि मुलगी पुढील वर्षी कार्तिकात पुन्हा आली. हा काळ योग्यच. कारण ऊन सौम्य असते आणि उन्हाळ्याला अद्याप अवकाश असतो. तज्ज्ञ तिची बारकाईने चौकशी करील. पूर्वी कोठे खरचटले, तेव्हा कातडी जाड होऊन उंचवटा आला होता काय? तापानंतर ओठांच्या कडेला पाणीदार फोड येतात काय? हा दुसरा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु तो महत्त्वाचा आहे. या फोडांचे विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षे निद्रिस्त असतात आणि लेसरच्या आघाताने जागे होतात. उघड्या पडलेल्या चेहऱ्यावर ते पसरले तर कायमचे वण पडतात. म्हणून त्यांना रोखणाऱ्या गोळ्या उपचाराच्या सुमारास सुरू करून कातडी भरेपर्यंत चालू ठेवतात. त्यानंतर चेहऱ्याची छायाचित्रे घेतली जातात आणि कानाजवळच्या लहानशा जागेवर प्रयोग करून काही आठवडे वाट पाहिली जाते. तेथे काळेपणा आला, तर पुढचे बेत बदलता येतात.

उपचाराच्या दिवशी चेहऱ्यावर बधिरतेचे मलम लावून तासभर थांबतात. खोल उपचारासाठी सुईने मज्जातंतू बधिर करतात, किंवा गुंगीही देतात. डोळ्यांचे रक्षण सर्वांत महत्त्वाचे. पापण्यांजवळ काम असेल तर पापण्यांच्या आत धातूच्या छोट्या ढाली बसवितात, आणि खोलीतील प्रत्येकाला विशिष्ट चष्मा घालावा लागतो. मग यंत्राचे टोक गालावरून फिरू लागते. तप्त सुया भराभर टोचाव्यात तसा भास होतो आणि केस जळल्यासारखा वास येतो. धूर ओढून घेणारी नळी शेजारी चालूच असते. अर्ध्यापाऊण तासात काम संपते. उठून बसताना चेहरा भर उन्हात दिवसभर होरपळल्यासारखा धगधगतो. थंड पाण्याच्या घड्यांनी काही तासांत ही आग शमते.

पहिल्या दिवशी लस वाहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी सूज सर्वाधिक असते. डोळे जेमतेम उघडतात आणि आरशात जो चेहरा दिसतो, तो स्वतःचाच आहे यावर विश्वास बसत नाही. ज्यांनी मुलीला आधी नीट समजावून सांगितलेले नसते, त्यांच्या घरी रडारड होते ती याच दिवशी. वास्तविक ही सूज जखम भरण्याच्या कार्याचाच भाग असते. उशाला दोन उश्या घेऊन डोके उंच ठेवून निजावे, म्हणजे ती लवकर ओसरते. दिवसातून अनेकदा स्वच्छ केलेल्या हातांनी आणि उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावाने चेहरा हळुवारपणे भिजवून पुसावा आणि साध्या व्हॅसलीनचा थर त्यावर सतत राहू द्यावा. जखम कोरडी ठेवावी, तिला वारा लागू द्यावा, अशी पूर्वापार समजूत आहे. या जखमेच्या बाबतीत ती चुकीची आहे. ओलसर जागेवरून नव्या पेशी सहज सरकतात. कोरड्या खपलीखाली त्यांना वाट खणत जावे लागते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून कातडी ताणते, खाजते आणि बारीक तपकिरी कोंड्याप्रमाणे सुटू लागते. हा कोंडा नखाने काढण्याचा मोह अनावर असतो. जो तो काढतो, तो आपल्या हाताने नवा वण पेरतो. याच सुमारास घरातील प्रेमळ माणसे आपापली औषधे घेऊन पुढे येतात. आजी वाटीत हळद आणि साय कालवून आणते, मावशी डाळीच्या पिठाचा आणि लिंबाचा गुण सांगते, शेजारीण आपल्याकडील मलमाची नळी देऊ करते. यांपैकी कोणाच्याही हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जी त्वचा अद्याप तयारच झालेली नाही, तिला लिंबाचा रस जाळतो, पिठाचे कण ओरखडतात आणि घरगुती हळदीबरोबर जंतूही जातात. आजीला दुखवू नये. तथापि वाटी बाजूला ठेवावी.

सावध राहावयाचे ते वेगळ्या लक्षणांविषयी. दिवसागणिक वेदना कमी होत जावयास हव्यात. त्या तिसऱ्या दिवसानंतर वाढू लागल्या, पिवळी खपली धरली, पू दिसला, पाणीदार फोडांचे घोस उठले किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. जंतुसंसर्ग वेळीच आवरला तर खूण राहत नाही; दोन दिवसांच्या हयगयीने जन्माचा डाग राहू शकतो.

आठदहा दिवसांत जखम मिटते. नवी त्वचा तान्ह्या बाळासारखी गुलाबी आणि नाजूक असते. लालसरपणा ठिपक्यांच्या पद्धतीत काही आठवडे, तर संपूर्ण थर काढला असल्यास दोनतीन महिने किंवा त्याहूनही अधिक टिकतो. घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. पाहुण्यांना तोंड दाखविता येते. आणि मग सर्व काही सुरळीत झाले असे वाटत असतानाच, तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात गाल काळवंडू लागतात.

आई घाबरते. "यंत्राने पोरीचा चेहरा जाळला," असे तिच्या तोंडून निघून जाते. हीच ती सावळ्या त्वचेची चिडण. सर्वांनाच ती होते असे नाही. परंतु ज्यांना होते, त्यांना बहुधा याच सुमारास. वर्षापूर्वीच्या हट्टाप्रमाणे उपचार झाला असता, तर नेमक्या याच चेहऱ्याला हळद लागली असती आणि याच चेहऱ्याने मुलगी बोहल्यावर उभी राहिली असती. हा काळेपणा बहुतेक वेळा काही महिन्यांत ओसरतो. मात्र त्यासाठी उन्हापासून कसोशीने जपावे लागते. त्वचा मिटल्यावर डॉक्टर सांगतील ते उन्हाचे मलम सकाळी आणि दुपारी न चुकता लावावे. बाहेर पडताना छत्री, रुंद काठाची टोपी किंवा पदर घ्यावा. स्कूटरवरून भर दुपारी जाणाऱ्यांनी आणि स्वयंपाकघरात आचेपुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्यांनीही या दिवसांत विशेष जपावे. होळीचे रंग त्या वर्षी टाळावेत, हे सांगावयास नकोच.

काळेपणा पाहून घाबरलेली माणसे औषधाच्या दुकानातून गोरेपणाचे मलम आणतात, ही दुसरी मोठी चूक. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने आठ दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम सोडताच चेहरा पेटतो. या दुरुपयोगाला आळा बसावा म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. परंतु ओळखीच्या दुकानदाराकडून चिठ्ठीवाचून ती मिळविणारे अद्यापही आहेत. काळेपणावर खरे उपचार आहेत, मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवेत. याच्या उलट, क्वचित सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्वचा फिकट पांढरट पडते. हे बहुधा खोल उपचारानंतर होते आणि त्यावर उपाय करणे कठीण असते. सुश्रुताने व्रणाच्या साठ उपक्रमांत काळ्या वणासाठी पांडुकर्म आणि पांढऱ्या वणासाठी कृष्णकर्म असे दोन स्वतंत्र उपक्रम का सांगितले, हे अशा वेळी कळते. जखम भरणे आणि रंग जमणे ही दोन निराळी कामे आहेत, हे त्या काळच्या वैद्यांनीही जाणले होते.

दरम्यान आतल्या थरात एक संथ काम चाललेले असते. उष्णतेने आक्रसलेले जुने तंतू हळूहळू मोडले जातात आणि त्यांच्या जागी नवे तंतू विणले जातात. खळग्याचा तळ किंचित वर येतो, कडांचा तीव्रपणा निवतो. हे विणकाम तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक चालते. म्हणून महिनाभरात फळ मोजणे म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या आठवड्यात कणसे मोजण्यासारखे आहे. मुलीच्या उजव्या गालावरील पसरट, उथळ खळगे सहा महिन्यांनी पुष्कळच सौम्य झालेले असतील. डाव्या गालावर सुईने टोचल्यासारखी जी अरुंद आणि खोल भोके आहेत, ती मात्र जवळजवळ तशीच असतील. कारण किरण तेवढ्या खोल सुरक्षितपणे पोहोचत नाही. त्यांच्यासाठी भोकातच तीव्र आम्लाचा थेंब सोडणे किंवा भोक कापून काढून टाका घालणे असे निराळे उपाय आहेत. कोणत्या वणाला कोणता उपाय, याची निवड करता येणे हीच तज्ज्ञाची खरी परीक्षा होय.

म्हणूनच यंत्रापेक्षा ते चालविणाऱ्या माणसाची पारख अधिक महत्त्वाची आहे. हल्ली कितीतरी सौंदर्यगृहांतूनही लेसरच्या पाट्या लागलेल्या दिसतात. पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. यंत्र प्रत्यक्ष कोण चालविणार आणि त्याचे त्वचारोगशास्त्राचे शिक्षण झाले आहे काय? सावळ्या त्वचेवर या पद्धतीचा त्याचा अनुभव किती? आधी लहान जागेवर प्रयोग होणार की नाही? बैठका किती आणि एकूण खर्च किती? काळेपणा आला किंवा रात्री ताप आला, तर संपर्क कोणाशी साधावा? या प्रश्नांनी जो रागावतो, त्याच्या हाती चेहरा देऊ नये. आणि "एका बैठकीत सर्व वण नाहीसे" असे जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापासून तर दूरच राहावे.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप करावयाचाच कशाला? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने देण्याजोगे नाही. वणांसह सुखाने संसार करणारी, विद्वत्तेने आणि कर्तृत्वाने गाजणारी माणसे उदंड आहेत. चेहऱ्यावरील खळग्यांनी त्यांचे काही अडलेले नाही. उलट, कोणाला ते खळगे रोज सलत असतील आणि ते सौम्य व्हावेत अशी इच्छा असेल, तर त्या इच्छेला हसण्याचेही कारण नाही. मात्र ती इच्छा त्या व्यक्तीची स्वतःची असावी. लग्न जुळविणाऱ्यांनी लादलेली नसावी. मुलीच्या चेहऱ्यावर यंत्र चालवावयाचे असेल, तर त्या चेहऱ्याची धनीण काय म्हणते, हे घरात सर्वांआधी विचारले गेले पाहिजे.

तिने होय म्हटले, तर पुढचा हिशेब सरळ आहे. एक तास यंत्राचा, दहा दिवस घराच्या सावलीचे, सहा महिने छत्रीचे. आणि या सर्वांच्या शेवटी पूर्वीपेक्षा सौम्य झालेला, परंतु वणांची आठवण सर्वस्वी न विसरलेला चेहरा. एवढे फळ पदरात घेण्याची तयारी असणाऱ्याला हा उपचार सहसा निराश करीत नाही. कार्तिकात उपचार घेतलेली ती मुलगी वैशाखात छायाचित्रासाठी बसेल, तेव्हा मान वळवावी की सरळ ठेवावी, हे तिचे तिलाच उमगेल.